लेखनाचा नियम आणि गप्पांची रीत

१

लेखन आणि संभाषण यांची जी विभागणी आपण भाषाविज्ञानाच्या पहिल्याच तासाला शिकवितो ती अशी : लेखन हे सावकाशीने व समोर नसलेल्या वाचकासाठी केले जाते, संभाषण समोरासमोर होते व त्या क्षणीच विरून जाते. लेखनाला नियम असतात, संभाषणाला रीत असते. नियम पुस्तकातून शिकावे लागतात. रीत घरात, ओट्यावर आणि पारावर बसून अंगवळणी पडते. ही विभागणी सोयीची होती आणि पुष्कळ काळ ती खरीही होती. गेल्या सुमारे दीड दशकात मात्र, मोबाइल हातोहाती पोचल्यापासून, एक तिसराच प्रकार आपल्यापुढे उभा राहिला आहे. माणसे अक्षरांनी गप्पा मारू लागली आहेत. एका गावचे, एका भावकीतले, एका वर्गात शिकलेले लोक मोबाइलवर ग्रुप करून जमतात, परस्परांची विचारपूस करतात, थट्टा करतात, भांडतात आणि समेटही करतात. आणि हे सारे लिहून करतात. साधन लेखनाचे, व्यवहार संभाषणाचा, असा हा प्रकार आहे.

या व्यवहाराला नियम लावावा की रीत, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्याची दोन उत्तरे सध्या प्रचारात आहेत. भाषेच्या अध्यापकांचा एक वर्ग म्हणतो, जे लिहिले गेले ते लेखनच. म्हणून त्यास लेखनाचे सर्व नियम लागू आहेत, आणि ऱ्हस्वदीर्घाची ढिलाई येथे खपवून घेतली तर ती उद्या उत्तरपत्रिकेत उतरेल. दुसरा वर्ग म्हणतो, अर्थ कळला म्हणजे झाले. गप्पांत नियम कसले पाहता? वरवर पाहता ही मते परस्परविरोधी दिसतात. पण दोन्हींच्या मुळाशी एकच गृहीत आहे, ते हे की, भाषाव्यवहाराला शिस्त लावणारी गोष्ट शुद्धलेखनाखेरीज दुसरी नाही. पहिला पक्ष ती शिस्त आणू पाहतो; दुसरा ती झुगारून मोकळा होतो. गप्पांना त्यांची स्वतःची, जुनी आणि बरीच कडक शिस्त आहे, याचा विसर दोघांनाही पडला आहे.

जळगाव व धुळे या जिल्ह्यांत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. पुण्याकडच्या सुशिक्षित घरातील मनुष्य गप्पा लिहितो तेव्हा त्याच्या बोलण्यात व पाठ्यपुस्तकाच्या भाषेत अंतर थोडे असते. खानदेशात बोलण्याची भाषा अहिराणी किंवा लेवा पाटीदारांची बोली, आणि लिहिण्याची भाषा शाळेने दिलेली. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ मध्ये ‘डायग्लॉसिया’ या संज्ञेने जी स्थिती वर्णिली, तिच्याशी जवळचे नाते सांगणारी अशी ही आपली स्थिती आहे : एक भाषा घरची, दुसरी कागदावरची, आणि दोहोंची प्रतिष्ठा असमान.

२

या विषयाकडे मी ज्या प्रसंगाने वळलो तो सांगणे अप्रस्तुत होणार नाही. त्यातील दोष माझाच आहे. माझ्या काही माजी विद्यार्थ्यांचा एक ग्रुप आहे. त्यातील एकाने, जो पदवीनंतर शेतीकडे वळला, एका रात्री लिहिले, “काल पाउस झाला, कपाशी आडवी झाली.” मी तत्परतेने उत्तर दिले, “पाऊस. ऊ दीर्घ.” त्यात थट्टा होती, थोडी शिक्षकी सवय होती, वाईट हेतू खचितच नव्हता. पण त्यानंतर दोघातिघांनी ऱ्हस्वदीर्घावर विनोद केले, एकाने ‘कापूस’ आणि ‘कापसाचा’ यांतील फरक विचारला, आणि बोलणे त्या वाटेने वाहत गेले. आडव्या झालेल्या कपाशीबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. मीही नाही.

त्यानंतर तो विद्यार्थी ग्रुपात लिहिनासा झाला. काही महिन्यांनी धुळ्याच्या बाजारात भेटला. पूर्वीच्याच आपुलकीने बोलला, आणि विषय निघाला तेव्हा हसून म्हणाला, “सर, आठे बोलाले सोपं शे. तठे लिखाले भ्याव वाटस.” येथे बोलणे सोपे आहे, तेथे लिहिण्याची भीती वाटते. व्याकरणदृष्ट्या माझी दुरुस्ती निर्दोष होती. तत्सम नसलेल्या अकारान्त शब्दांतील उपान्त्य उकार दीर्घ लिहावा, हा नियम मी आजही शिकवितो. तरीही त्या रात्री ज्याने चूक केली तो विद्यार्थी नव्हता. एका माणसाने आपले नुकसान सांगितले, आणि ऐकणाऱ्याने त्याच्या उकाराकडे पाहिले. ओट्यावर बसून मी असे केले असते तर शेजारच्या म्हाताऱ्याने मला तेथल्या तेथे गप्प केले असते.

३

लेखनातील सभ्यता आणि लेखनातील शुद्धता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे कळण्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा शेवटचा काळ धुळ्यात गेला, तेथेच १९२६ साली त्यांचा अंत झाला, आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ उभे राहिले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या १८९८ पासून निघू लागलेल्या त्यांच्या खंडांतून आपल्याला जी पत्रे वाचावयास मिळाली, त्यांची मुळे बहुतांशी मोडीत आहेत. मोडी लेखनात ऱ्हस्व व दीर्घ इकार-उकारांचा भेद सामान्यतः पाळला जात नसे. शब्द तोडून लिहिण्याची चाल नव्हती, विरामचिन्हे नव्हती. आजचा परीक्षक अशा पत्राला उत्तीर्ण करणार नाही.

आणि तरीही त्याच पत्रांतील शिष्टाचार पाहावा. वडिलांस ‘तीर्थरूप’, बरोबरीच्यास ‘राजमान्य राजश्री’, धाकट्यास ‘चिरंजीव’. कोणास साष्टांग नमस्कार, कोणास आशीर्वाद. कोणास ‘विनंती’ करावी आणि कोणास ‘आज्ञा’. आपल्या कुशलाची वार्ता कोठे द्यावी व समोरच्याची कोठे विचारावी. पत्र संपविताना ‘बहुत काय लिहिणे’ म्हणावे की नुसते ‘हे विनंती’ म्हणावे, हे सर्व ठरलेले असे आणि त्यात झालेली चूक ही अपमान मानली जाई. मायना चुकला तर मने दुखावत. वेलांटी चुकली तर कोणाच्या ध्यानातही येत नसे. म्हणजे आपल्या परंपरेत पत्रलेखनाची रीत कडक होती आणि वर्णलेखन सैल होते.

हा तोल एकोणिसाव्या शतकात उलटला. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये आले. मेजर कँडी यांनी १८५० मध्ये विरामचिन्हांची परिभाषा दिली. छापखाना, सरकारी शाळा आणि क्रमिक पुस्तके यांनी एकसारख्या लेखनाची गरज निर्माण केली. ही गरज खरी होती. जे पुस्तक रत्नागिरीत आणि एरंडोलात एकाच वेळी वाचले जावयाचे, त्याला एकच वर्णलेखन हवे. पण याच वाटेवर एक अनिष्ट गोष्ट घडली. ऱ्हस्वदीर्घ हे छपाईच्या सोयीचे साधन होते, ते माणसाच्या शिक्षणाचे आणि पुढे त्याच्या संस्काराचेही माप बनले. ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ हे शब्दच पाहावेत. सोवळ्याओवळ्याच्या व्यवहारातले हे शब्द आपण वर्णलेखनाला लावले, आणि मग अशुद्ध लिहिणारा मनुष्यही थोडासा अशुद्ध मानण्याची सवय आपसूक लागली. ‘प्रमाणलेखन’ ही संज्ञा म्हणूनच मला अधिक योग्य वाटते.

४

आज प्रचलित असलेले नियम मराठी साहित्य महामंडळाचे. १९६२ मध्ये त्यांपैकी चौदा नियम मान्य झाले, १९७२ मध्ये चारांची भर पडली. या अठरा नियमांचा दाखला देऊन गप्पांतील लेखनाला धारेवर धरणाऱ्यांनी ते नियम पुन्हा एकदा बारकाईने वाचावेत, अशी विनंती आहे. त्यांतच एक नियम असा आहे की, पात्राच्या तोंडी घातलेल्या बोलण्यात ‘केलं’, ‘म्हटलं’, ‘सांगितलं’ अशी अनुस्वारयुक्त रूपे लिहावीत, एरवी ‘केले’, ‘म्हटले’, ‘सांगितले’ असे एकारान्त लेखन करावे. म्हणजे बोलणे लिहिताना लेखनाची पद्धत बदलते, हे तत्त्व खुद्द नियमकर्त्यांनी मान्य केलेले आहे. त्यांच्या डोळ्यांपुढे कादंबरी आणि नाटक होते. आजच्या लिखित गप्पांत लेखक व पात्र एकच असतो, एवढाच फरक. जी मोकळीक कादंबरीतल्या शेतकऱ्याला आपण देतो, ती खऱ्या शेतकऱ्याला नाकारण्यास आधार काय?

दुसरा एक नियम सांगतो की, केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य छापताना मुळाप्रमाणे छापावे. त्यानंतरचे लेखन प्रचलित नियमांनुसार छापावे. हा नियम अक्षरशः लावला तर खानदेशातील सर्वांत मोठ्या कवयित्रीचे काय करावयाचे? बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० मध्ये असोद्याचा, मृत्यू १९५१ मध्ये जळगावचा. त्या निरक्षर होत्या. त्यांची गाणी त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव यांनी व घरातल्यांनी टिपून ठेवली, आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती प्रसिद्ध झाली. कालक्रमाने पाहता ती केशवसुतांनंतरची. तरीही त्या गाण्यांतील बोली पुसून प्रमाणरूपे घालावीत असे आजवर कोणा जाणत्याने सुचविले नाही, आणि सुचविले असते तर ते हास्यास्पद ठरले असते.

येथे थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. टिपून घेणाऱ्याला प्रमाण मराठी उत्तम येत होती. आईचे शब्द ‘सुधारून’ लिहिणे त्याला सहज शक्य होते. त्याने ते केले नाही म्हणून मराठीला बहिणाबाई मिळाल्या. आमच्या विद्यापीठाला २०१८ पासून त्यांचे नाव आहे. त्या नावाच्या छत्राखाली बसून आपण बोलीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला लाजवीत असू, तर नामविस्ताराने आपल्याला काही शिकविले नाही, असेच म्हणावे लागेल.

५

आता गप्पांच्या रीतीकडे वळू. मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये दाखविले की, माणसांचे पुष्कळसे बोलणे माहिती देण्यासाठी नसून सहवास टिकविण्यासाठी असते. आपल्याकडे हे सांगण्यास मानववंशशास्त्रज्ञाची गरज नव्हती. ‘काय चाली राह्यनं, भो?’ या प्रश्नाला कोणी दिनक्रमाचा तपशील देत नाही. तो प्रश्न म्हणजे ओट्यावर सरकून दिलेली जागा आहे.

या रीतीचे काही नियम मांडता येतात. पहिला संबोधनाचा. खानदेशात नुसत्या नावाने हाक मारणे हे फार जवळिकीचे किंवा फार तुटकपणाचे लक्षण होय. एरवी नावापुढे भाऊ, आप्पा, नाना, आबा, जिभाऊ, अक्का यांपैकी काही यावे लागते. ‘जिभाऊ’ हे संबोधन तर या मुलखाची खूणच आहे. लिखित गप्पांतही ही संबोधने टिकून आहेत, इतकेच नव्हे तर आवाज व चेहरा नसल्याने त्यांच्यावरचा भार वाढला आहे. प्रमाण मराठीत जे काम ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांच्या निवडीने होते, त्यातले बरेचसे आमच्याकडे नात्याचा एक शब्द करतो. ‘भाऊ’ लिहून केलेला विरोध चालतो. तो शब्द गाळून केलेला होकारही झोंबतो.

दुसरा नियम पाळीचा. दुःखाची वार्ता आली की थट्टा थांबवावयाची. वडीलधाऱ्याचे बोलणे पुरे होऊ द्यावयाचे. उठून जाताना ‘येस मंग’ म्हणून निघावयाचे. यांपैकी शेवटची रीत लिखित गप्पांत दुबळी झाली आहे, कारण तेथे कोण बसले आहे आणि कोण उठून गेले हे दिसत नाही. तिच्या जागी नवी रीत अजून पुरती बसलेली नाही. वाचून उत्तर न देणे हा उपेक्षेचा भाग की कामाचा, याविषयी जे रुसवे-फुगवे होतात त्यांचे मूळ येथे आहे.

तिसरा नियम दुरुस्तीचा, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा. श्चेग्लॉफ, जेफरसन व सॅक्स या तिघांनी १९७७ मध्ये ‘लँग्वेज’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखविले की, संभाषणात चूक झाली तर ती सुधारण्याची पहिली संधी बोलणाऱ्यालाच मिळते. दुसऱ्याने केलेली दुरुस्ती ही त्या मानाने विरळ असते, आणि होते तेव्हा बहुधा प्रश्नाच्या किंवा शंकेच्या रूपाने, मऊ करून केली जाते. पारावरचा कोणताही म्हातारा याची साक्ष देईल. कोणी तारीख चुकीची सांगितली तर तो म्हणतो, “मंगळवार व्हता का भो त्या दिन?” आणि बोलणारा आपणच सुधारतो. ज्याचे त्याच्याकडून सुधारून घ्यावे, चारचौघांत त्याचा मान राखावा, हा या रीतीचा गाभा आहे. लिखित गप्पांत उघड दुरुस्ती करणारा मनुष्य लेखनाचा नियम पाळीत असतो खरा. पण त्याच वेळी तो गप्पांचा नियम मोडीत असतो. दोन नियमांत विरोध आला असता व्यवहार ज्याचा, नियम त्याचा, हे तत्त्व मला न्याय्य वाटते.

६

येथवरच्या विवेचनावरून ‘काहीही चालते’ या पक्षाला जर समाधान वाटत असेल, तर ते अकाली आहे. कारण बोली लिहावयाची म्हटली की लेखनाचे प्रश्न संपत नाहीत, ते सुरू होतात. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा म्हणून नोंदविणाऱ्यांची संख्या सुमारे १८ लाख ६० हजार आहे, आणि ती मराठीहून निराळी मोजली गेली आहे. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणातही खानदेशीला मराठीच्या खंडात जागा नव्हती. ती १९०७ च्या, भिल्ली भाषांच्या भागात आली. ती मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद येथे नको. पण एवढ्या लोकांच्या बोलण्याला कागदावरची सर्वमान्य वहिवाट नव्हती, आणि आज ते लोक ती रोज लिहीत आहेत, ही घटना भाषाभ्यासकाने उघड्या डोळ्यांनी पाहण्याजोगी आहे.

एकच शब्द किती प्रकारे लिहिला जातो ते पाहावे : ‘शे’ आणि ‘से’, ‘मन्हा’ आणि ‘मना’, ‘राह्यनं’, ‘राहिनं’ आणि ‘ऱ्हायनं’. यातील काही भेद खऱ्या उच्चारभेदाचे आहेत; शिरपूरचा उच्चार चाळीसगावला जसाच्या तसा मिळावा ही अपेक्षा चुकीची. ते भेद राहू द्यावेत. काही भेद मात्र केवळ वर्णलेखनाचे आहेत, आणि तेथे निवडीला कारण देता येते. ‘मन्हा’ असे लिहिले तर तो शब्द मराठी ‘मन’ या नामाच्या ‘मना’ या रूपाशी मिसळत नाही. म्हणून, जेथे उच्चारात हकार आहे तेथे, हकारयुक्त लेखन सोयीचे. षष्ठीचा ‘ना-नी-नं’ हा प्रत्यय शब्दाला जोडून लिहावा. ‘गावना लोक’ हे ‘गाव ना लोक’ असे तोडले तर प्रमाण मराठी वाचणारा नकारात किंवा आर्जवात अडखळतो. ‘ळ’ चा प्रश्न अधिक नाजूक आहे. जळगावचा शेतकरी ‘जयगाव’ म्हणतो आणि पाटीवर ‘जळगाव’ वाचतो. ‘केळी’ला ‘केयी’ म्हणतो. तो गप्पांत कधी एक लिहितो, कधी दुसरे. ग्रामनामे रूढ पद्धतीने व इतर शब्द उच्चाराप्रमाणे लिहावेत, अशी वाटणी मला सुचवावीशी वाटते. तिचा आग्रह नाही.

ही वहिवाट कोणत्या मार्गाने बसावी? समिती नेमून अहिराणीचे अठरा नियम करणे मला इष्ट वाटत नाही. ज्या भाषेला आजवर लाज वाटावयास लावली, तिला लिहिते होताच पुन्हा शुद्धाशुद्धाच्या सोवळ्यात बसविण्यासारखे ते होईल. वहिवाट वाचनाने बसते. चांगले लिहिणाऱ्याचे अनुकरण होते, गैरसोयीची रूपे आपोआप मागे पडतात. आपले काम त्या निवडींची नोंद ठेवण्याचे आणि विचारल्यास कारण सांगण्याचे आहे. एक अडथळा मात्र दूर होण्यासारखा आहे : मोबाइलमधील शब्दसूचना प्रमाण मराठीच्या साच्यात घडलेल्या असल्याने बोलीचे रूप टंकित होताच त्या भलताच शब्द पुढे करतात. म्हणजे दुरुस्ती करणारा मास्तर आता यंत्रातही येऊन बसला आहे.

७

एक आक्षेप उरतो, आणि तो हलका नाही. गप्पांत सुटलेली शिस्त अर्जात, निबंधात, संशोधनलेखात कशी परत येणार? आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण घरात पहिल्यांदाच पदव्युत्तर वर्गापर्यंत आलेले असतात. प्रमाणलेखन त्यांना आले नाही तर मुलाखतीच्या दारातच त्यांना अडविले जाईल. त्या वेळी बोलीप्रेमी अध्यापक त्यांच्या उपयोगी पडणार नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. प्रमाणभाषा ही कोणा एका गावची नसते, म्हणूनच ती सर्वांना शिकता येते आणि सर्वांना शिकविलीही पाहिजे. वर्गात, वहीत, प्रबंधाच्या मसुद्यात मी एकही वेलांटी सोडीत नाही आणि सोडूही नये. पण ती दुरुस्ती ज्या जागी व्हावयाची ती जागा वेगळी आहे. तेथे विद्यार्थ्याने आपले लेखन सुधारण्यासाठीच आपल्या हाती दिलेले असते. गप्पांत त्याने आपल्या हाती दिलेले असते ते त्याचे मन.

भीतीने लेखन सुधारते, हाही भ्रमच आहे. माझा तो विद्यार्थी दीर्घ ऊ शिकला नाही. तो लिहावयाचे थांबला. जो रोज लिहितो त्याच्या लेखनात आज ना उद्या सुधारणा होण्याची शक्यता राहते. जो गप्प बसला, त्याची बोलीही आपल्याला मिळत नाही आणि त्याची प्रमाण मराठीही. ज्या विभागात बोलींचे नमुने गोळा करण्यासाठी आपण गावोगाव विद्यार्थी पाठवितो, त्याच विभागाच्या अध्यापकाने एका शब्दाने एक बोलणारा गमवावा, हे शास्त्राच्या दृष्टीनेही नुकसानच आहे.

धुळ्याच्या बाजारातल्या त्या भेटीत, निघण्यापूर्वी, मी त्याला कपाशीविषयी विचारले. फार उशीर झाला होता. पुढचे पीक उभे राहिले होते. तरी त्याने थांबून सविस्तर सांगितले.